चित्रफीत आवडते, पण धडा लक्षात राहत नाही

विज्ञानशिक्षिका, भांडुप
मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आल्यापासून मुले तासाची वाट पाहतात. मात्र आकाशात वीज कशी निर्माण होते ही चित्रफीत दाखवून दुसऱ्या दिवशी विचारले, तर त्यांना संगीत आणि जळणारे झाड आठवते, ढगात प्रभार वेगळे कसे होतात ते आठवत नाही. उत्साह असूनही आकलन का होत नाही? बी.एड.ला असताना रिचर्ड मेयर यांचे नाव ऐकले होते.

अध्यापक, दादर
योगायोग असा की, मेयर यांनी नेमका विजेचाच पाठ वापरला होता. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी शॅनन हार्प यांच्यासह १९९८ साली दाखवले की, वीज अंगावर पडलेल्या माणसांचे रंजक पण अवांतर किस्से पाठात घातले, तर मूळ प्रक्रिया कमी लक्षात राहते आणि नव्या प्रश्नांची उत्तरेही कमी सुचतात. त्यांच्या मते असे तपशील केवळ लक्ष विचलित करत नाहीत, तर वाचकाच्या मनात भलतेच पूर्वज्ञान जागे करतात आणि तो सगळा पाठ त्याभोवती रचतो. तुमच्या मुलांच्या दृष्टीने तो धडा जळणाऱ्या झाडाचा झाला आहे.

पीएच.डी. विद्यार्थिनी, कलिना
सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु म्हणून पाठ कोरडा करू नये. रॉक्साना मोरेनो यांनी मेयर यांच्यासह मांडलेल्या सिद्धांतात प्रेरणेला स्थान आहे. विद्यार्थी मनाचे किती बळ पाठात गुंतवतो, हे तिच्यावर अवलंबून असते. या दोघांच्याच २००० सालच्या प्रयोगांत विद्यार्थ्याला थेट संबोधणारे निवेदन औपचारिक निवेदनापेक्षा सरस ठरले. आपल्या चित्रफितींत ‘निरीक्षण केले जाते’ असली कर्मणी भाषा असते (ती कोणासाठी लिहितात, कोण जाणे). त्याऐवजी ‘तुमच्या डोक्यावरच्या ढगात बघा’ म्हणून पाहा.

विज्ञानशिक्षिका, भांडुप
मग आवाज बंद करून मीच बोलते. पण एवढी लांब प्रक्रिया सलग दाखवावी का?

अध्यापक, दादर
दाखवू नये. मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली विजेच्याच सचेतपटाचे १६ तुकडे केले होते आणि पुढचा तुकडा केव्हा पाहायचा, हे विद्यार्थ्याच्या हाती ठेवले होते. त्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले.

विज्ञानशिक्षिका, भांडुप
शाळा रुळांलगत असल्याने लोकल गेली की मला थांबावेच लागते. त्या वेळी मुलांना आतापर्यंतच्या पायऱ्या वहीत काढायला सांगेन.