पेन्सविकच्या कबरी: सांध्यांत सिमेंट नको

ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविकच्या सेंट मेरी चर्चच्या आवारातल्या जुन्या कबरींचे उघडे सांधे सिमेंटने भरावेत, असं कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नये. तो दगड तिथलाच, मऊ चुनखडीचा. सिमेंट त्याहून कठीण. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून पडते. मग क्षार आणि हिवाळ्यातलं गोठण यांनी कोरीवकामाच्या कडाच पोपड्यासारख्या सुटतात.

पेटीसारख्या कबरीत मृतदेह नसतो, तो खाली जमिनीत असतो. वर चार बाजूंच्या फरश्या, माथ्यावर जड शिळा, आत बहुधा विटा किंवा डबर. फरश्या लोखंडी आकड्यांनी जोडलेल्या असतात आणि खरा घात तिथेच होतो: लोखंड गंजून फुगतं, कोपरा आतून फोडतं. कोपऱ्यापाशी तांबूस डाग आणि बारीक तिरकी चीर दिसली, तर आधी तो आकडा काढून स्टेनलेस स्टीलचा बसवायचा.

सांध्यांना सिमेंटऐवजी एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली चाळीव वाळू. पारा ५ अंशांखाली असेल तर काम थांबवावं. भरल्यावर ओलं गोणपाट काही दिवस ठेवावं, नाहीतर चुना भुकटी होतो. आयव्हीची वेल ओढू नये, बुंध्याशी कापून वाळू द्यावी. वायर ब्रश, ॲसिड, प्रेशर वॉशर वर्ज्य.

आणि कबर आपल्याच पूर्वजांची असली तरी डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतल्या चर्च-विभागाची) ‘फॅकल्टी’ ही परवानगी आधी घ्यावी लागते.