कलम 185 ची (दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसची) कोर्टातली तारीख चुकवायला सांगणाऱ्यांना उत्तर

घोडबंदरवासी: काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, 'ड्रिंक अँड ड्राइव्हमध्ये पकडलं तरी कोर्टात धावू नका, लोकअदालतीत निम्म्यात मिटतं.' या सल्ल्यापायी कुणाच्या तरी दारात वॉरंट येईल. हेल्मेट-सिग्नलच्या चलनात तडजोड होते, कारण ती कलमं मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 च्या यादीत आहेत. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 त्या यादीत नाही. पहिल्या वेळी 10,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ठरवणार मॅजिस्ट्रेट. पोलीस ठाण्यातून सुटताना बंधपत्रावर सही केलीत ना? मग दिलेल्या तारखेला हजर राहायचं. नाही गेलात तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. वर भारतीय न्याय संहितेचं कलम 269 आहेच: जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर, एक वर्षापर्यंत कैद.

कोपरी_पूर्व: कायदा पाठ आहे, पण कोर्ट नाक्यावर उभं राहून बघा. सकाळी 11 ला पोचलं तर प्रकरण बोर्डावरच (त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीतच) नसतं. पोलिसांचे कागदच आलेले नसतात. रोजंदारीवाल्याचा खाडा होतो त्याचं काय? पहिल्या वेळेला दंड ऑनलाइन भरू द्या! आणि लोकअदालतीच्या दिवशी कबुलीची प्रकरणं घेतात, हे का लपवता?

घोडबंदरवासी: लपवत नाही. जिथे घेतात तिथे ती कबुली असते, तडजोड नव्हे. दोषसिद्धी नोंदली जाते आणि पुढच्या वेळी 'दुसरा गुन्हा' तिच्यावरूनच ठरतो. बोर्डावर नाव नसेल तर तसेच घरी परतू नका. पैरवी हवालदाराला (कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाला) गाठून केस दाखल झाली का विचारा. नसेल तर हजर असल्याचा अर्ज देऊन पोच घ्या. येणं अशक्यच असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी, कारणाच्या कागदासह. नंतर नेलेलं आजाराचं सर्टिफिकेट फार तर वॉरंट रद्द करायच्या अर्जाला जोडता येतं.

पामबीच_नेरूळ: एवढा खटाटोप कशाला? अटकेनंतर दोन तासांत मेडिकल झालं नाही तर केस खल्लास. रात्रीच्या गर्दीत होतच नाही.

बेलापूर_वकील: साफ चूक. कलम 202 नीट वाचा. दोन तासांत तपासणी नाही तर कोठडीतून सोडायचं, एवढंच. खटला संपत नाही. 185 मध्ये ब्रेथ अॅनालायझरची चाचणी स्वतंत्रपणे नमूद आहे. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल.

पामबीच_नेरूळ: मशीनवर किती भरवसा? फुंकायलाच नकार दिला तर?

बेलापूर_वकील: तो आणखी वाईट सल्ला. सबळ कारणाशिवाय नकार दिलात तर कलम 205 नुसार तो नकारच सरकारी पुराव्याला बळ देतो. मशीनवर लढायचंय ना? मग प्रिंटवरची वेळ, नाव आणि मशीनच्या कॅलिब्रेशनचा (अचूकता तपासल्याचा) दाखला मागा, उलटतपासणीत प्रश्न विचारा. पण त्यासाठीही तारखेला हजर राहावंच लागतं!

कोपरी_पूर्व: सगळे आरोपीलाच झोडा. शेवटची लोकल गेल्यावर घोडबंदरला यायला काय असतं? रिक्षावाले नाही म्हणतात, बस नाही. आधी ती सोय करा.

घोडबंदरवासी: रिक्षा नाही म्हणून प्यायलेल्या माणसाने स्टिअरिंग धरायचं? रस्त्यावरून चालणाऱ्याचा काय दोष? आणि कोर्टात दंड भरला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं. तिथे म्हणणं मांडायची संधी मिळते, तरी पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र करता येतं. मुदत संपल्यावरही रिफ्रेशर कोर्स केल्याशिवाय लायसन्स परत नाही. कोर्टाची पावती आणि आदेशाची प्रत दोन्ही जपा.

कोपरी_पूर्व: लायसन्सचं ठीक, पटलं. बोर्डाच्या गोंधळाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.