मदत हवी आहे: व्हीएस कोड या कोड एडिटरच्या एक्स्टेन्शनमध्ये देवनागरी नावं तुकड्यातुकड्यांत रंगतात

मार्केट यार्डातल्या गाळ्यांच्या भावांची साधी टेक्स्ट फाइल आहे, फील्डची नावं मराठीत. रंगांसाठी टेक्स्टमेट ग्रामर (कोणता मजकूर कशात मोडतो ते ठरवणारे पॅटर्नचे नियम) लिहिलंय. ‘दर’, ‘वजन’ नीट रंगतात. ‘कांदा’, ‘किंमत’ मध्येच तुटतात. शिवाय टीप = "गोणी ४०\" लांब" या ओळीनंतर सगळं उलटं होतं: स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) साध्या, बाकी मजकूर स्ट्रिंगच्या रंगात. नावाच्या पॅटर्नमध्ये युनिकोडचा एल (लेटर) वर्ग, आकडे आणि अंडरस्कोअर घेतलेत.

प्रतिसाद १
‘दर’ला काना-मात्रा नाही, म्हणून तो वाचला. एल वर्गात नुसती अक्षरं येतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी एम (मार्क) वर्गात. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा आणि कर्सर ‘कांदा’च्या सुरुवातीला ठेवा. टोकन (एकत्र रंगणारा तुकडा) ‘क’ एवढंच दिसेल. नावाच्या पहिल्या अक्षराला एल पुरे, पुढच्यांच्या चौकटी कंसात एमही घाला.

स्ट्रिंगचं कारण वेगळं. इंचाच्या खुणेलाच तुमचा एंड नियम (स्ट्रिंग कुठे संपते ते सांगणारा) शेवट समजतो, मग खरं बंद करणारं अवतरण नवी स्ट्रिंग उघडतं. बिगिन-एंडच्या आतल्या पॅटर्न्समध्ये ‘बॅकस्लॅश आणि पुढचं कोणतंही एक अक्षर’ हा नियम हवा. जेसनमध्ये, म्हणजे ग्रामरच्या फाइलीत, तो \\\\. असा, चार बॅकस्लॅश देऊन लिहायचा. इथे हमखास दोनच पडतात. स्ट्रिंग एका ओळीतच संपत असेल तर एंड "|$ करा ($ म्हणजे ओळीचा शेवट; जेसनमध्ये अवतरणाआधी बॅकस्लॅश), म्हणजे अर्धवट टाइप केलेली ओळ खालच्या ओळी बिघडवणार नाही.

धागाकर्ता
दोन्ही जमलं, आभार! फक्त ‘व्यापाऱ्याची_आडत’ काही ओळींत अजून तुटतंय, काहींत नाही. दिसायला अगदी सारखंच आहे.

प्रतिसाद २
तो ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, युनिकोड २००डी. हा जॉइनर एलमध्येही नाही, एममध्येही नाही, म्हणून नाव तिथे तुटतं. त्याच चौकटी कंसात तोही घाला, रंग सरळ होईल.

पण तेवढ्यावर थांबू नका. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला ही दोन वेगळी नावं दिसतात आणि आडतीची बेरीज चुकू शकते. एनएफसी नॉर्मलायझेशननंही (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करण्याची पद्धत) ती एक होत नाहीत. र-हलन्त-जॉइनर शोधून त्याजागी ऱ-हलन्त टाका, सगळ्या फाइलींत.