एनबीएच्या साखळी हंगामात ८२ सामने हवेतच का?

पहाटेचा प्रेक्षक (धागाकर्ता)

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघाला बाद फेरीआधी ८२ साखळी सामने खेळावे लागतात. १९६७-६८ च्या हंगामात हा आकडा आला तेव्हा स्पर्धेत १२ संघ होते. आज ३० आहेत, आणि मालक-खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीची व साथीची वर्षे सोडली तर आकडा तोच आहे. तो आता कमी व्हावा असे माझे मत आहे आणि ते पारखून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट अशी की एवढ्या सामन्यांतून निष्पन्न फार थोडे होते. ३० संघ मिळून १२३० सामने खेळतात. त्यानंतर १२ संघ थेट बाद फेरीत जातात आणि आणखी ८ संघांना उरलेल्या चार जागांसाठी प्ले-इनमध्ये संधी मिळते, म्हणजे १२३० सामन्यांनी बाहेर काढले ते अवघे १० संघ. त्यांतलेही काही हंगामाच्या उत्तरार्धात हरण्यातच आपले हित पाहू लागतात, कारण तळाच्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरची निवड मिळण्याची शक्यता अधिक असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तर प्ले-इनची आशा शिल्लक असताना डॅलसने शिकागोविरुद्ध आपले प्रमुख खेळाडू बाहेर बसवले, आणि त्याबद्दल संघाला साडेसात लाख डॉलरचा दंड भरावा लागला. ज्या हंगामात एखाद्या संघाला जिंकण्यापेक्षा हरणे सोयीचे वाटते, त्याच्या रचनेत काही चुकले आहे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट खेळाडूंना राखून ठेवण्याची. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. गेली कित्येक वर्षे पुण्याच्या थंडीत त्या वेळी उठून मी हे सामने पाहत आलो आहे, आणि ज्याच्यासाठी उठलो तो खेळाडू साध्या कपड्यांत बाकावर बसलेला आहे, हा अनुभव मला आता नेहमीचा झाला आहे. २०१८-१९ मध्ये टोरोंटोच्या कवाय लेनर्डने ८२ पैकी ६० सामने खेळून विजेतेपद मिळवले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यानंतर कोणत्या प्रशिक्षकाला राखणुकीचा दोष देणार?

यावर एनबीएने २०२३-२४ पासून नियम केला की किमान ६५ सामने खेळल्याशिवाय मोठ्या पुरस्कारांसाठी विचार होणार नाही. त्याच हंगामात फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडने २२ जानेवारीला ७० गुण केले. पुढे गुडघ्याच्या तक्रारीमुळे तो सामने चुकवू लागला, ६५ सामने पूर्ण होण्याची शक्यता कमी होत चालली, आणि ३० जानेवारीला गोल्डन स्टेटविरुद्ध तो उतरला तेव्हा त्याच गुडघ्याला दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्याचे त्या हंगामातले सामने ३९ वर थांबले. विश्रांती घेतली तर पुरस्कार जातो आणि खेळले तर गुडघा जातो, अशा कात्रीत खेळाडूला धरण्यापेक्षा सामनेच कमी करावेत.

माझी सूचना ७२ सामन्यांची आहे. स्पर्धेत पूर्व आणि पश्चिम असे १५-१५ संघांचे दोन विभाग आहेत. आपल्या विभागातल्या १४ संघांशी प्रत्येकी तीन म्हणजे ४२, आणि दुसऱ्या विभागातल्या १५ संघांशी प्रत्येकी दोन म्हणजे ३०. आज आपल्याच विभागातल्या काहींशी चार सामने होतात आणि काहींशी तीन. हा भेद त्यामुळे संपेल.

सेवानिवृत्त पंच

धागाकर्त्यांनी मांडणी मनापासून केली आहे, परंतु मला ती पटत नाही. मी मुंबईत नागपाड्याच्या मैदानांवर खेळलो आणि पुढे तीस वर्षे शिट्टी वाजवली. रोजच्या रोज मैदानावर हजर राहणे हीदेखील खेळाडूची गुणवत्ता असते आणि ती पन्नास-साठ सामन्यांत दिसत नाही, हे मी त्या काळात शिकलो. ए. सी. ग्रीन सलग ११९२ सामने खेळला. मायकल जॉर्डन शेवटच्या हंगामात, वयाची चाळिशी गाठताना, ८२ च्या ८२ सामन्यांत उतरला. त्यांचे गुडघे काही वेगळ्या मातीचे नव्हते. त्यांच्या काळी न खेळणे हा पर्याय सहजासहजी समोर ठेवला जात नसे, एवढेच.

एम्बीडचे उदाहरणही पुरते सांगायला हवे. त्या सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडू त्याच्या पायावर पडला होता. असा अपघात हंगामाच्या पहिल्या सामन्यातही होऊ शकतो, आणि त्याचा बोजा सामन्यांच्या संख्येवर टाकणे योग्य नाही.

हंगाम आखडला म्हणजे काय होते हे १९९९ मध्ये दिसले आहे. टाळेबंदीमुळे तेव्हा ५० सामनेच झाले आणि पूर्व विभागात आठव्या क्रमांकावर राहिलेला न्यूयॉर्क संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. गुणतक्त्यात खरी प्रतवारी लागायला वेळ द्यावा लागतो. दूध तापल्याशिवाय साय धरत नाही.

पहाटेचा प्रेक्षक

पंचसाहेबांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण २०२३ मध्ये मायामीही आठव्या क्रमांकावरूनच अंतिम फेरीत गेला, तेही पूर्ण ८२ सामन्यांनंतर. साखळीत ५८ सामने जिंकलेल्या मिलवॉकीला त्याने पहिल्याच फेरीत घरी पाठवले. तेव्हा ८२ सामने खेळल्याने प्रतवारी चोख लागते, हे म्हणणे टिकत नाही.

न्यू जर्सीकर

मी सामने कमी करण्याच्या विरोधात आहे आणि माझे कारण अगदी घरगुती आहे.

आम्ही वर्षातून एकदा मुलांना सामन्याला नेतो. दोन वर्षांपूर्वी पश्चिमेकडचा एक संघ येणार म्हणून चार महिने आधी चार तिकिटे काढली, कारण धाकट्याच्या खोलीत त्या संघातल्या एका खेळाडूचे चित्र लावलेले आहे. दुपारी फोनवर बातमी आली की तो आज विश्रांती घेणार आहे. गाडीत बसेपर्यंत मी ती मुलाला सांगितली नाही. त्या संध्याकाळचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तरीही सामने कमी केल्याने आमच्यासारख्यांचे भले होईल असे मला वाटत नाही. प्रत्येक संघाचे घरचे सामने ४१ आहेत. ७२ केले तर ते ३६ होतील, मागणी तेवढीच राहील आणि तिकीट आणखी महाग होईल. आज आम्ही वर्षातून एकदा जातो, उद्या दोन वर्षांतून एकदा जाऊ. आमच्या दृष्टीने खेळाडूची अनुपस्थिती हा प्रश्न आहे, सामन्यांची विपुलता नव्हे.

फिजिओथेरपिस्ट, नागपूर

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आहे. हंगामात सामने किती आहेत हा एक प्रश्न आणि ते किती दिवसांत बसवले आहेत हा दुसरा. शरीराच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि आकडे मांडले की तो लगेच दिसतो.

२०२४-२५ चा हंगाम २२ ऑक्टोबरपासून १३ एप्रिलपर्यंत, म्हणजे १७४ दिवस चालला. त्यात ८२ सामने, म्हणजे सरासरी २.१ दिवसांना एक. आता लहान म्हणून सांगितले जाणारे हंगाम पाहा. १९९८-९९ मध्ये ५० सामने ९० दिवसांत उरकले, म्हणजे १.८ दिवसांना एक. २०११-१२ मध्ये ६६ सामने १२४ दिवसांत, जवळपास १.९ दिवसांना एक. साथीनंतरच्या २०२०-२१ मध्ये धागाकर्त्यांचे लाडके ७२ सामने झाले खरे, पण ते १४६ दिवसांत, म्हणजे दोन दिवसांना एक. हे तिन्ही हंगाम नेहमीच्या हंगामापेक्षा अधिक दाटीचे होते. त्यामुळे पंचसाहेबांनी दिलेले १९९९ चे उदाहरण ना त्यांच्या बाजूने वापरता येते, ना विरुद्ध. तेव्हा हंगाम उशिरा सुरू झाला होता आणि सामने दाटीवाटीने बसवले होते. दिवस तेवढेच ठेवून सामने कमी करण्याचा प्रयोग ८२ च्या काळात एकदाही झालेला नाही. तो झाला तर ७२ सामने १७४ दिवसांत, म्हणजे २.४ दिवसांना एक पडतील.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. माझ्याकडे विद्यापीठ स्तरावरचे खेळाडू येतात आणि त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते की स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे स्नायुबंध एकाच वेगाने सावरत नाहीत. स्नायुबंधांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्यांची झीज भरून यायला अधिक वेळ लागतो आणि दुखत नाही म्हणजे बरे झाले असे तिथे धरता येत नाही. पाठोपाठच्या दोन रात्री खेळून मध्ये विमानाने पहाटे दुसऱ्या शहरात उतरायचे, असे प्रसंग प्रत्येक एनबीए संघावर आजही हंगामात १४-१५ वेळा येतात. २०२५ च्या बाद फेरीत डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन या तिघांच्याही टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटला, हॅलिबर्टनचा तर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात. या तीन दुखापतींचे कारण दाटी हेच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण जुनी पोटरीची तक्रार, वय आणि निव्वळ योगायोग हे सगळे त्यात असू शकते. राखून ठेवलेल्या खेळाडूंना पुढे कमी दुखापती होतात असे दिसत नाही, असा अहवाल एनबीएने २०२४ मध्ये स्वतःच संघांना दिला होता आणि तो मी गांभीर्याने घेते. मात्र मूळची दाटी तशीच ठेवून अधूनमधून एखादा सामना वगळला तर काय होते, एवढेच त्यातून कळते. दाटीच कमी केली तर काय होईल, हे त्यातून कळू शकत नाही.

दाटी हाच दोष आहे हे एनबीएने एकदा कृतीतूनही मान्य केले आहे. २०१७-१८ पासून हंगाम आठवडाभर आधी सुरू केला आणि पाच रात्रींत चार सामने खेळण्याची पद्धत बंद झाली.

हिशेबनीस

सगळे बरोबर असले तरी पैसे कोण सोडणार, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. दहा सामने कमी म्हणजे एकूण १५० सामने कमी, सुमारे १२ टक्के. २०२५-२६ पासून डिस्नी, एनबीसी आणि अॅमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचा, ७६ अब्ज डॉलरच्या घरातला करार सुरू झाला आहे आणि त्यांनी पूर्ण हंगाम विकत घेतला आहे. बास्केटबॉलच्या उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो, म्हणजे घट मालकांइतकीच त्यांच्याही खिशातून जाईल. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर जाहीरपणे ७२ ची बाजू मांडत आले आहेत, पण निर्णय प्रशिक्षकांच्या हातात नाही. २०१९ मध्ये एनबीएने ७८ सामने आणि हंगामामधली एक छोटी स्पर्धा असा प्रस्ताव आणला होता. फक्त चार सामने कमी करायचे होते, तरी तो बारगळला. पुढे २०२३ मध्ये ती छोटी स्पर्धा आली, पण तिचे अंतिम सामना वगळता सगळे सामने ८२ मध्येच मोजले जातात.

पहाटेचा प्रेक्षक

नागपूरच्या ताईंचे आकडे वाचून मला माझी मांडणी दुरुस्त करावी लागत आहे. मी ७२ हा आकडा धरून बसलो होतो, पण तो २०२०-२१ सारखा दाबून बसवला तर उपयोग नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ जसाच्या तसा ठेवून ७२ सामने, आणि पाठोपाठच्या रात्री पूर्ण बंद, असे माझे म्हणणे आता समजावे.

हिशेबनीसांची शंका रास्त आहे. तरी एवढे विचारतो की प्रमुख खेळाडू नसलेला सामना पूर्ण किमतीला विकणे किती वर्षे चालेल? २०१२ मध्ये सॅन अँटोनियोने डंकन, पार्कर आणि जिनोबिली यांना मायामीतल्या सामन्याआधीच घरी पाठवले, तेव्हा एनबीएने अडीच लाख डॉलरचा दंड केला. त्याला आता एक तप उलटून गेले, दंड वाढत गेले, नियम कडक होत गेले आणि राखणूक थांबलेली नाही.

न्यू जर्सीकरांच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटले. त्यांना एक सांगावेसे वाटते : पश्चिमेकडचा प्रत्येक संघ त्यांच्याकडे वर्षातून एकदाच येतो, आणि माझ्या रचनेत ती भेट जशीच्या तशी राहते. दुसऱ्या विभागाशी होणारे ३० सामने आजही ३० आहेत आणि तेव्हाही ३० असतील. कमी होतील ते दहाही सामने आपल्याच विभागातले.

न्यू जर्सीकर

हे माझ्या लक्षात आले नव्हते. पाठोपाठच्या रात्री खरोखर बंद होणार असतील, तर तिकीट थोडे महागले तरी मी तक्रार करणार नाही. आमची ती संध्याकाळ अशाच जोडीतली दुसरी रात्र होती.

सेवानिवृत्त पंच

प्रेक्षकाला एकच संधी मिळते हे मीही जाणतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना वरळीच्या डोममध्ये खेळले तेव्हा मी तिथे होतो. हंगामापूर्वीचा सराव सामना, पण पहिल्या दिवशी तो जादा वेळेत जाऊन १३२-१३१ असा संपला आणि आजूबाजूची शाळकरी मुले उभी राहून ओरडत होती. पाठोपाठच्या रात्री बंद करण्याला म्हणून माझा विरोध नाही, त्यासाठी हंगाम हवा तर सप्टेंबरअखेरीस सुरू करा.

पण धागाकर्त्यांनी ज्या गोष्टीने न्यू जर्सीकरांची समजूत काढली, तीच मला खटकते. आपल्या विभागातले सामने कापायचे म्हणजे शेजाऱ्यांचे वैर कापायचे. बॉस्टन आणि न्यूयॉर्क आज विभागातल्या पाच संघांच्या एकाच गटात आहेत आणि वर्षातून चार वेळा भेटतात, दोनदा इथे आणि दोनदा तिथे. तीन केल्यावर दोन घरचे सामने कोणाच्या वाट्याला येणार, यावरून दर वर्षी एका शहरावर अन्याय होईल. धागाकर्त्यांना आज दिसणारा भेद जाऊन हा नवा भेद येईल. संपूर्ण समानताच हवी असेल तर प्रत्येकाशी दोन, म्हणजे ५८ सामने करावे लागतील, आणि त्याला तर इथे कोणीच तयार दिसत नाही. मला बॉस्टन आणि न्यूयॉर्कची चौथी लढत हवी आहे, आणि ती मार्चमध्ये हवी आहे, जेव्हा दोन्ही संघांना एकमेकांचे सगळे डाव पाठ झालेले असतात.