मदत हवी आहे: चार चकत्यांचं नंबरलॉक बोटांच्या स्पर्शाने उघडताना अडलोय

मंडळी, नंबरलॉक नुसत्या स्पर्शाने उघडायचा नाद लागलाय. (कुलपं घरचीच आहेत, आधीच सांगतो. आकडे बायको बदलून देते.) बॅगेचं तीन चकत्यांचं जमतं. त्यात तसाही दम नाही, 000 ते 999 ओळीने फिरवलं तरी उघडेलच. घोडं अडलंय ते चार चकत्यांच्या पितळी कुलपावर.

कडी ओढून धरली की एक चकती बाकीच्यांपेक्षा जड फिरते, ती आधी घ्यायची, इथवर ठीक. फिरवता फिरवता एखाद्या आकड्यावर ती टचकन बसते, कडीही केसभर सरकते. पण या कुलपात एकाच चकतीवर असं दोन-तीन ठिकाणी होतं. म्हणजे बरोबर आकड्यापाशी चकतीला आतून जी खरी खाच असते, तिच्याशिवाय चकवायला कोरलेल्या खोट्या खाचाही असणार. खोटी खाच उथळ, त्यामुळे कडी कमी सरकते, हे डोक्यात आहे; बोटांना मात्र काही केल्या फरक कळत नाही.

ज्यांना जमतं त्यांनी सांगा: कडीवर ताण किती ठेवता? चकती बसल्यावर तो थोडा सैल करून बघता का? की सरळ पुढच्या चकतीकडे जायचं आणि अडलं की मागे यायचं? व्हिडिओ नकोत प्लीज, त्यात सगळ्यांचीच कुलपं पटकन उघडतात!