शब्दचर्चा: 'पीस टेस्टिमनी'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: मंडळी, एका दिवाळी अंकासाठी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथावरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय आणि एका जागी गाडी पार रुतलीय. 'पीस टेस्टिमनी'. संदर्भ असा की १६६१च्या जानेवारीत लंडनमधे भलत्याच एका पंथाने बंड केलं आणि त्या नादात क्वेकरांनाही हजारोंनी तुरुंगात कोंबलं, तेव्हा पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स वगैरेंनी दुसऱ्या चार्ल्स राजाला लिहून दिलं की आम्ही शस्त्र उचलणार नाही, ख्रिस्ताच्या राज्यासाठीही नाही आणि इथल्या राज्यांसाठीही नाही. तिथपासून हे लोक त्याला टेस्टिमनी म्हणतात. मी 'शांतीची साक्ष' लिहिलं. संपादक म्हणतात कोर्टकचेरी वाटते, 'शांतिव्रत' करा. मला व्रत म्हटलं की उद्यापन आठवतं. तुम्ही काय लिहाल?

तिखटमीठ: क्वेकर म्हणजे ते ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा ना?

अर्धविराम: अपेक्षित होतंच :) त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही. १८७७ला ट्रेडमार्क घेतला, हे लोक सचोटीचे म्हणून ख्याती होती तेवढी उचलली. खरे क्वेकर धंदेवाले म्हणजे कॅडबरी, राउंट्री.

नगरी_चाळा: साक्षच ठेवा. आमच्या नगरकडे मंडळीत (म्हणजे चर्चच्या मंडळीत, तुमच्या नमस्कार मंडळीत नाही) साक्ष देणे हा रोजचा शब्द आहे, आमची आत्या दर रविवारी उठून साक्ष द्यायची, कुणालाही कोर्ट आठवायचं नाही. फक्त एक फरक आहे, आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते तोंडाने सांगायचं, आणि या लोकांचं म्हणजे तोंड बंद ठेवून वागून दाखवायचं असं दिसतंय. त्यांची उपासनाच गप्प बसून असते म्हणे, पाद्री नाही, वेदी नाही, कुणाला आतून वाटलं तर उठून चार वाक्यं बोलायची.

पायवाट_वर्धा: ग्वाही! तुकोबांनी आयतं देऊन ठेवलंय. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' यात निम्मे क्वेकर आले. मन ग्वाही म्हणजे त्यांचा तो आतला प्रकाश, प्रत्येकाच्या आत देव उजेड दाखवतो म्हणतात तो, आणि बहुमत तर ते खरोखरच मानत नाहीत, त्यांच्या सभेत मतदान नसतं. सभेचा कल कुठे आहे ते क्लार्क (सभा चालवणारा) ओळखतो, लिहून वाचून दाखवतो, सगळ्यांना पटलं तर ठराव नाहीतर पुढच्या सभेला. आमच्या सोसायटीत हे केलं तर पाण्याच्या टाकीचा निर्णय नातवंडं घेतील.

शुद्धमती: ग्वाही फारसी आहे. 'साक्ष' हा घरचा शब्द असताना उसनवारी कशाला? स + अक्ष, डोळ्यांसमोर घडलेलं.

पायवाट_वर्धा: तुकोबांना चाललं ते तुम्हाला चालत नाही, धन्य आहे.

बोरूबहाद्दर: आमचे मराठीचे सर सांगायचे की ग्वाही हे 'गुह्य'पासून आलंय, मनातलं गुह्य उघड करणे.

शुद्धमती: नाही हो. गवाह, गवाही, ग्वाही. सरांना नमस्कार सांगा.

अर्धविराम: तुकोबांचा दाखला झकास आहे पण आजच्या वाचकाचं काय? आज ग्वाही म्हणजे पालकमंत्री देतात ती. 'पूरग्रस्तांना वाऱ्यावर सोडणार नाही अशी ग्वाही दिली.' शब्दाचा अर्थच पुरावा सोडून आश्वासनाकडे सरकलाय. क्वेकरांनी शांततेची ग्वाही दिली असं लिहिलं तर लोक म्हणतील बरं, मग पुढे काय झालं?

राइनकाठी: पुढे काय झालं ते मी सांगतो, जर्मनीत राहतो म्हणून. इथे एक जुना शब्द आहे, क्वेकरश्पाइजुंग, म्हणजे क्वेकर-जेवण. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन पोरं उपासमारीने खंगली होती तेव्हा अमेरिकन क्वेकरांच्या संस्थेने (१९१७ला काढलेली, एएफएससी) शाळाशाळांतून जेवण सुरू केलं, जोरात होतं तेव्हा रोज दहा लाखांच्या आसपास मुलं जेवत होती. म्हणजे कालपर्यंत जो शत्रू त्याच्याच पोरांना. १९४७चं शांततेचं नोबेल याच संस्थेला आणि ब्रिटिश क्वेकरांच्या संस्थेला मिळून मिळालं. माझ्या मते यालाच ते टेस्टिमनी म्हणतात, १६६१चा कागद ही फक्त पावती. तेव्हा साक्ष, ग्वाही दोन्ही सोडा, 'आचार' असा काहीतरी शब्द बघा. 'शांती-आचार'.

तिखटमीठ: शांती-आचार ऐकून लोणचं आठवलं, हिंदीतलं.

कडूलिंब: इतकं गोड करून सांगू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या लढाईच्या वयाच्या क्वेकर पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश सैन्यात गेले. आणि रिचर्ड निक्सन क्वेकर घरातला होता, व्हिएतनामवर बॉम्ब टाकताना टेस्टिमनी कुठे गेली होती?

अर्धविराम: @कडूलिंब हे उलट माझ्याच बाजूचं आहे! व्रत असतं तर ते एक तृतीयांश लोक व्रतभंग करणारे ठरले असते. पण त्यांच्यात असा सरसकट नियम नव्हता, ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचं. काही जण तुरुंगात गेले, काही फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटमधे गेले, बंदूक नको पण जखमी उचलतो म्हणून. म्हणून 'शांतिव्रत' बाद.

पायवाट_वर्धा: त्याच युनिटची माणसं दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही आली होती, १९४२चं मेदिनीपूरचं वादळ आणि मग बंगालचा दुष्काळ, होरेस अलेक्झांडर त्यांचे म्होरके. वास्तुकार लॉरी बेकर याच युनिटमधून चीनला गेले आणि परतताना बोटीची वाट बघत मुंबईत अडकले तिथे गांधीजी भेटले. आणि आमच्या सेवाग्रामला मार्जरी साइक्स होत्या, नई तालीमच्या (गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या) शिक्षकांना शिकवायच्या, पक्क्या क्वेकर. त्या मुलुखातल्या लोकांशी बोलताना टेस्टिमनीला ते काय म्हणत असतील हा खरा प्रश्न आहे. मला विचाराल तर 'सत्याग्रह' हाच शब्द पुरला असेल.

शुद्धमती: सत्याग्रहात समोरच्याकडे मागणी असते. इथे मागणी नाही. आणि शपथेचं विसरलात. हे लोक कोर्टात शपथच घेत नसत, कारण शपथ घेतली की बाकी वेळी खोटं बोलायची मुभा आहे असं होतं. १६९६ला इंग्लंडमधे त्यांच्यासाठी कायदा झाला, शपथेऐवजी नुसतं सांगायचं. आपल्या संविधानात 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' नंतर 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' हा पर्याय आहे तो त्याच वाटेवरचा. म्हणून माझं मत 'शांतिकथन'.

बोरूबहाद्दर: दृढकथन हा शब्द मंत्र्यांना तरी धड उच्चारता येतो का?

नगरी_चाळा: पंथाचं नाव कसं केलंत? सोसायटी ऑफ फ्रेंड्स?

अर्धविराम: 'मित्र मंडळ' लिहून खोडलं. अखिल इंग्लंड मित्र मंडळ, अध्यक्ष जॉर्जभाऊ फॉक्स, असा फ्लेक्स डोळ्यांसमोर आला. 'मित्रसमाज' केलंय.

राइनकाठी: आणि फॉक्सच्या तोंडी तू की तुम्ही? ते लोक न्यायाधीशालाही 'दाउ' (म्हणजे तू) म्हणत, डोक्यावरची टोपी काढत नसत, त्यासाठीही मार खाल्लाय. तेव्हाच्या इंग्रजीत मोठ्या माणसाला 'यू' म्हणायची रीत होती.

अर्धविराम: अर्रर्र. मी सगळीकडे 'महाराज, आपण' केलंय.

शुद्धमती: 'आपण' काढाच. सरळ 'तू'. पण मराठीत राजाला तू म्हटलं की एक तर भांडण नाहीतर भक्ती. विठोबाला तू, आईला तू.

मालवणी_मसालो: आमच्याकडे आज्याक पण तू आणि सरपंचाक पण तू. फॉक्स कुडाळात जन्मता तर कोणी तुरुंगात नसतो घातलो.

कडूलिंब: कोल्हापुरात कोणाला पण तू म्हणून बघा, मग शांती वगैरे कळेल.

मालवणी_मसालो: कोल्हापूरवाले 'तुम्ही' म्हणान पण शिवी घालतत, ता काय चांगला?

कडूलिंब: आदरार्थी शिवी असते ती, फरक आहे. वेगळा धागा काढू का?