पायथनचा कोर्स झाला, पण स्वतःहून काही लिहिता येत नाही. नोकरीसाठी पुढे काय करू?

नवशिका:
लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी समजतात, दुसऱ्याचा कोड वाचता येतो. पण कोरी फाइल उघडली की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. ज्युनियर डेव्हलपरच्या जागांसाठी अर्ज करतोय, कुठूनच उत्तर येत नाही. रेझ्युमेत कोर्समधलेच टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर आहेत. आता जावास्क्रिप्ट शिकायला घेऊ, की आणखी एक मोठा कोर्स करू?

ट्रेसबॅक:
सध्या दोन्ही नको. व्हिडिओत सगळे निर्णय शिकवणारा घेतो, आपण नुसतं टाइप करतो. म्हणून कोऱ्या फाइलपाशी घोडं अडतं, आणि भाषा बदलली तरी तिथेच अडेल.

एक छोटं काम घ्या: खर्चाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) वाचून महिनावार बेरीज छापायची. आधी कमेंटमध्ये साध्या मराठीत पायऱ्या लिहा: फाइल उघड, ओळ वाच, रक्कम आकड्यात बदल, महिना काढ, डिक्शनरीत मिळव. मग एकेका कमेंटखाली कोड लिहा आणि दर पायरीला प्रिंट करून बघा.

कुठे अडाल तेही सांगतो. रक्कम '१,२५०.००' अशी असेल तर डेसिमलमध्ये (पायथनचा अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) बदलताना एरर येईल, कारण मधला स्वल्पविराम त्याला चालत नाही. तो आधी रिप्लेसने काढा. (पैशांसाठी फ्लोट, म्हणजे नेहमीचा दशांश प्रकार, नकोच, त्यात ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही.) तारखा स्ट्रिंग म्हणूनच ठेवल्या तर '०५-०३-२०२४' ही '१०-०१-२०२४' च्या आधी लागते, कारण तुलना दिवसाच्या आकड्यापासून सुरू होते, त्या डेटटाइममध्ये (पायथनचा तारखांचा प्रकार) बदलून घ्या. आणि कॉलमचं नाव बरोबर लिहूनही पहिल्याच कॉलमला कीएरर (ते नाव सापडलं नाही असा एरर) आला, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची न दिसणारी खूण, असण्याची शक्यता मोठी. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या.

एरर आला की शेवटची ओळ आधी वाचा, मग वर जात तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव असलेली ओळ शोधा.

शून्य_इंडेक्स:
हाच प्रोग्राम टू-डूच्या जागी रेझ्युमेत टाका, पण गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) नीट ठेवून. रीडमीत (प्रोग्रामची ओळख देणारी फाइल) तो काय करतो, कसा चालवायचा, नमुना इनपुट आणि आउटपुट एवढं हवंच. मग नव्या फोल्डरमध्ये क्लोन करा (गिटहबवरून प्रत उतरवा), नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (फक्त या प्रोग्रामच्या लायब्ररींसाठी वेगळी जागा) बनवा आणि फक्त रीडमी वाचून चालवा. बहुतेक वेळा इथेच फुटतं: फाइलचा पाथ तुमच्या मशीनचा लिहिलेला असतो, नाहीतर रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) एखादी लायब्ररी राहिलेली असते.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली, म्हणजे गिटमध्ये नोंदली गेली, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, जुन्या हिस्ट्रीत ती तशीच राहते. आधी की रद्द करून नवी घ्या.

नवशिका:
हे करतो. एआयकडून कोड लिहून घेतला तर चालेल?

ट्रेसबॅक:
पहिला प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत नको. एररचा अर्थ विचारा, उत्तर म्हणून कोड मागू नका. मुलाखतीत 'ही ओळ काढली तर काय होईल?' असं विचारलं की ज्याने स्वतः लिहिलंय त्यालाच सांगता येतं.

लेफ्ट_जॉइन:
दुसरी भाषा घेण्याआधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) घ्या. बॅकएंड, डेटा, टेस्टिंग, सपोर्ट, सगळीकडे लागतं. सिलेक्ट, ग्रुप बाय आणि जॉइन हातात बसले पाहिजेत. नेहमीचा प्रश्न: एकही ऑर्डर नसलेले ग्राहक शोधा. ग्राहक टेबलला ऑर्डर टेबल लेफ्ट जॉइन करायचं (जुळणारी ऑर्डर नसली तरी ग्राहकाची ओळ राहते) आणि वेअरमध्ये (ओळी गाळायची अट) ऑर्डरचा आयडी नल, म्हणजे रिकामा, आहे का तपासायचं. यालाच जोडून दुसरा: सगळे ग्राहक दाखवा, सोबत फक्त पूर्ण झालेल्या ऑर्डर. इथे स्टेटसची अट वेअरमध्ये टाकली की ऑर्डर नसलेले ग्राहक गळतात, कारण त्यांच्या ओळीत स्टेटस नल असतो. ती अट ऑनमध्ये (जॉइन कशावरून जुळवायचं ते सांगणारा भाग) लिहायची.

आणि अर्ज करताना फक्त 'डेव्हलपर' शोधू नका. अॅप्लिकेशन सपोर्ट, क्यूए ऑटोमेशन (प्रोग्राम लिहून केलेलं टेस्टिंग), डेटा ऑपरेशन्स या नावांच्या जागाही बघा. तिथे पायथन आणि एसक्यूएल दोन्ही लागू शकतात.